प्रारूप योजनेतच शेती आणि वनजमीन कशी राखावी

महाराष्ट्रात एखाद्या गावची जमीन शेतीसाठी राहणार की तिच्यावर इमारती उभ्या राहणार, हे बहुतेक वेळा जेसीबी शिवारात येण्याच्या कितीतरी वर्षे आधी, नगर रचना कार्यालयात रंगवलेल्या नकाशावर ठरलेले असते. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगर रचना अधिनियम, १९६६ या कायद्याखाली मोठ्या प्रदेशासाठी प्रादेशिक योजना आणि शहर व त्याच्या वाढीव हद्दीसाठी विकास योजना तयार होते. त्या योजनेत प्रत्येक गट कोणत्या ना कोणत्या विभागात, म्हणजे रोजच्या भाषेत कोणत्या तरी झोनमध्ये, टाकला जातो. पिवळा रंग रहिवासाचा, हिरवा शेतीचा किंवा ना-विकास विभागाचा आणि वनासाठी वेगळी खूण, अशी ढोबळ पद्धत आहे. गावकऱ्यांचे लक्ष साधारणपणे प्लॉटिंगचे फलक लागल्यावर जाते, तोवर कायद्याने हरकत घेण्याची मुदत संपून गेलेली असते. म्हणून या लेखात प्रारूप योजना, म्हणजे योजनेचा मसुदा, प्रसिद्ध होते त्या काळात काय करावे, यावर सर्वाधिक भर दिला आहे.

या टप्प्याचे महत्त्व महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४२-ब मध्ये आहे. एखादी जमीन अंतिम विकास योजनेत रहिवास किंवा अन्य बिनशेती विभागात समाविष्ट झाली, की तिच्या बिनशेती वापरासाठी जिल्हाधिकाऱ्यांची स्वतंत्र परवानगी लागत नाही. रूपांतरण कर आणि देय असल्यास नजराणा भरला की काम भागते. पूर्वी झोन बदलल्यानंतरही बिनशेती परवानगीचा आणखी एक दरवाजा असे आणि तिथे हरकत घेता येई. आता तो उरलेला नाही, त्यामुळे नकाशावर जमीन पिवळी झाली म्हणजे निर्णय झाला असेच समजून चालावे. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या पट्ट्यात रहिवासी वापरासाठी कलम ४२-ड ने वेगळी सोय केलेली आहे. गावच्या स्वतःच्या घरांची गरज भागवायला हा पट्टा उपयोगी आहे आणि हरकत लिहिताना त्याचा उल्लेख कसा करावा, ते पुढे येईल.

सूचना कशी पकडावी

विकास योजनेचे प्रारूप कलम २६ खाली प्रसिद्ध होते आणि राजपत्रात सूचना आल्यापासून ३० दिवसांत कोणत्याही व्यक्तीला हरकती व सूचना दाखल करता येतात. यातले ‘कोणत्याही व्यक्तीला’ हे शब्द ध्यानात ठेवावेत. जमिनीचा मालकच हरकत घेऊ शकतो असे अनेकांना वाटते आणि त्यामुळे कूळ, शेतमजूर, मेंढपाळ, शेजारच्या गावचे पाणी वापरणारे शेतकरी असे सगळे गप्प राहतात. त्या सर्वांना हरकतीचा अधिकार आहे. प्रादेशिक योजनेच्या प्रारूपाची तरतूद कलम १६ मध्ये आहे आणि तिची मुदत त्या सूचनेत दिलेली असते.

तीस दिवस फार थोडे असतात. सूचना स्थानिक वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक टाइपात येते आणि गावात पोहोचेपर्यंत निम्मी मुदत उलटून जाते. यावर उपाय एकच, तो म्हणजे तयारी प्रारूपाच्या आधी सुरू करणे. नियोजन प्राधिकरण, मग ते नगरपरिषद, महानगरपालिका किंवा महानगर प्रदेश विकास प्राधिकरण असो, योजना तयार करण्याचा इरादा कलम २३ खाली जाहीर करते आणि त्यानंतर कलम २५ खाली विद्यमान जमीन वापराची पाहणी करून नकाशा तयार करते. इरादा जाहीर झाला त्याच दिवशी गावाचे काम सुरू झाले पाहिजे. ग्रामपंचायतीने नगर रचना विभागाच्या जिल्हा कार्यालयाला पत्र लिहून आपले गाव कोणत्या योजनेच्या हद्दीत आहे, ती योजना कोणत्या टप्प्यावर आहे आणि विद्यमान जमीन वापर नकाशा केव्हा तयार झाला, हे लेखी विचारावे. उत्तर न आल्यास माहिती अधिकाराचा अर्ज करावा. मात्र त्याच्या उत्तरालाही ३० दिवसांची मुदत असते, हे लक्षात घेऊन तो वेळेत गेला पाहिजे.

विद्यमान जमीन वापर नकाशाकडे जितके लक्ष द्यावे तितके थोडे आहे, कारण पुढचा सगळा आराखडा त्याच्यावर उभा राहतो. या नकाशात बागायती मळा ‘पडीक’ दाखवला गेला असेल, तर त्यावर घरे दाखवायला नियोजनकाराला काहीच अडचण वाटत नाही. पाहणी उन्हाळ्यात झालेली असेल किंवा उपग्रह चित्र उन्हाळ्यातले असेल, तर खरिपाची जिरायती जमीन आणि गवताळ माळ दोन्ही मोकळी, उजाड दिसतात. कोकणातली वरकस जमीन, विदर्भातले झुडपी जंगल आणि देशावरची गायराने यांच्या वाट्याला हे वारंवार येते.

नकाशा वाचताना

प्रारूप प्रसिद्ध झाल्यावर नियोजन प्राधिकरणाच्या कार्यालयात नकाशे पाहायला ठेवलेले असतात, त्यांच्या प्रती शुल्क भरून मिळतात आणि बहुतेक ठिकाणी ते संकेतस्थळावरही दिसतात. एकट्याने न जाता गावातली शिवार पाठ असलेली दोन-तीन जुनी माणसे सोबत न्यावीत. आधी सूची वाचून कोणता रंग आणि कोणती रेघ कशासाठी आहे ते टिपून घ्यावे. मग नदी, गावठाण, मुख्य रस्ता अशा ठळक खुणांवरून आपला भाग शोधावा आणि गट नंबर वाचत वाचत पिवळ्या रंगाची कड जिथून जाते ती पूर्ण कड पायाखालून घातल्यासारखी तपासावी. ही कड कधी ओढ्याच्या काठाने जाते, कधी बांधावरून, आणि कधी एकाच गटाच्या मधून सरळ जाते, म्हणजे विहीर हिरव्यात आणि तिच्यावर भिजणारे शेत पिवळ्यात पडते. अशा ठिकाणी आखणी जमीन पाहून झालेली नाही हे उघड असते, म्हणून तो गट टिपून ठेवावा. गट नंबर अस्पष्ट असतील, तर महाभूनकाशा या सरकारी संकेतस्थळावरचा गाव नकाशा शेजारी ठेवून पडताळावेत, आणि मोक्याच्या गटांसाठी नगर रचना कार्यालयातून झोन दाखला व भाग नकाशा मागून घ्यावा. हरकतीला जोडायला तो सर्वांत भक्कम कागद असतो.

रंगांइतकेच रस्ते पाहावेत. शेतीतून जाणारा प्रस्तावित विकास योजना रस्ता, मग त्याच्या दोन्ही बाजू आज हिरव्या दाखवलेल्या असल्या तरी, पुढच्या झोनबदलाची पायवाट तयार करतो. एकदा रस्ता झाला की लगतचे जमीनमालक ‘रस्त्यालगतची जमीन आता शेतीयोग्य राहिली नाही’ असा अर्ज करतात आणि तो अर्ज वरकरणी रास्तही वाटतो. म्हणून बागायती पट्ट्यातून जाणाऱ्या नव्या रस्त्याच्या आखणीवर स्वतंत्र हरकत घ्यावी आणि पर्यायी आखणी सुचवावी.

नकाशासोबत योजनेचा अहवाल असतो आणि तो फारच थोडे लोक वाचतात. त्यात पुढच्या वीस वर्षांच्या लोकसंख्येचा अंदाज, गृहीत धरलेली घनता आणि त्यावरून लागणारे रहिवास क्षेत्र यांचे हिशेब दिलेले असतात. माझ्या मते हरकतीचा सर्वांत बळकट आधार इथेच सापडतो. उदाहरणादाखल, अहवालानुसार शहराची लोकसंख्या ६०,००० ने वाढणार आहे आणि दर हेक्टरी २०० माणसांची घनता गृहीत धरली आहे असे समजू. तर नव्या रहिवासाला ३०० हेक्टर पुरतात. नकाशात नवे रहिवास क्षेत्र ८०० हेक्टर दाखवले असेल, तर जास्तीचे ५०० हेक्टर कोणत्या गरजेसाठी आहेत, हा प्रश्न प्राधिकरणाच्याच आकड्यांवरून विचारता येतो. मागच्या योजनेत रहिवास म्हणून दाखवलेली किती जमीन अजून रिकामी आहे, हेही याच हिशेबात घ्यावे. ‘आमची शेती वाचवा’ या आर्जवाला हरकतींची सुनावणी घेणारी नियोजन समिती सहानुभूतीपलीकडे फारसे काही देऊ शकत नाही; गरजेपेक्षा जास्त जमीन पिवळी केल्याचा हिशेब समोर आला, तर तिला त्याचे लेखी उत्तर द्यावे लागते.

वनजमिनीची वेगळी तपासणी

वनासाठी केवळ झोनवर विसंबू नये, कारण त्याचे खरे संरक्षण दुसऱ्या कायद्यांत आहे. राखीव किंवा संरक्षित वन कोणत्याही रंगात दाखवले, तरी वन (संरक्षण एवं संवर्धन) अधिनियम, १९८० खाली केंद्र सरकारच्या मंजुरीशिवाय त्याचा वनेतर वापर करता येत नाही. अडचण कागदावर वन म्हणून न नोंदलेल्या जंगलाची असते. सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर १९९६ रोजी गोदावर्मन प्रकरणात वनाचा अर्थ शब्दकोशाप्रमाणे घ्यावा आणि मालकी कोणाची हे पाहू नये, असा आदेश दिला. २०२३ च्या दुरुस्तीने ही व्याप्ती आकुंचित होण्याची भीती निर्माण झाल्यावर १९ फेब्रुवारी २०२४ च्या अंतरिम आदेशाने न्यायालयाने राज्यांना १९९६ चाच अर्थ पुढे चालू ठेवायला सांगितले. विदर्भातील झुडपी जंगलाच्या जमिनी वनजमिनी मानाव्यात, असा निकाल मे २०२५ मध्ये आला. आपल्या शिवारातले जंगल प्रारूपात पिवळे दिसत असेल, तर या आदेशांचा तारखेसह उल्लेख हरकतीत असलाच पाहिजे.

कागदांची तपासणी सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यापासून सुरू करावी, कारण वनासंबंधीची नोंद असल्यास ती तिथेच दिसते. कोकणात आणि सह्याद्रीच्या पट्ट्यात खाजगी वने संपादन अधिनियम, १९७५ खालच्या नोंदी अनेक डोंगरउतारांवर आहेत. मात्र जुन्या नोटिशीच्या एकट्या आधारावर उभे राहू नये. नोटीस मालकाला प्रत्यक्ष बजावली गेलेली नसेल, तर जमीन खाजगी वन ठरत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली गोदरेज अँड बॉइस प्रकरणात दिला आहे. म्हणून अशा जमिनीसाठी नोंदीबरोबर प्रत्यक्ष झाडोरा, उतार आणि पाणलोट यांचाही पुरावा जोडावा.

ज्या गावांना वनहक्क कायदा, २००६ खाली सामूहिक वनहक्क मिळाले आहेत, त्यांच्या हातात सर्वांत मोठे बळ आहे, कारण त्या कायद्याचे कलम ५ ग्रामसभेला वन, वन्यजीव आणि पाणलोट यांच्या रक्षणाचा अधिकार देते. मान्यतापत्राची प्रत आणि त्यातील क्षेत्राचा नकाशा हरकतीला जोडावा. दावा अजून प्रलंबित असेल, तर दाव्याची पोच जोडावी. देवराया बहुधा दोन-चार गुंठ्यांपासून काही एकरांपर्यंत असतात आणि मोठ्या नकाशावर त्या दिसतच नाहीत. त्यांचे गट, क्षेत्र आणि छायाचित्रे देऊन त्या स्वतंत्रपणे दाखवण्याची मागणी करावी.

हरकत कशी लिहावी

शंभर जणांनी सह्या केलेले एक निवेदन आणि शंभर स्वतंत्र हरकती यांत फार फरक पडतो. प्रत्येक हरकतीला क्रमांक मिळतो, तिची नोंद होते आणि तिच्यावर समितीला शिफारस करावी लागते. म्हणून ग्रामसभेचा ठराव जरूर करावा, पण त्याच्या जोडीला प्रत्येक कुटुंबाने आपल्या गटापुरती वेगळी हरकत द्यावी. छापील एकसारख्या नमुन्यावर फक्त नाव बदलून दिलेल्या हरकती एकगठ्ठा निकाली काढल्या जातात. दोन-तीन ओळी तरी त्या गटाविषयीच्या हव्यात.

विषयात गट नंबर, गाव, प्रारूपातील विभाग आणि मागणी हे चारही मुद्दे यावेत. मजकुराचा सूर साधारण असा असावा:

‘मौजे अमुक येथील गट क्रमांक अमुक ते अमुक हे क्षेत्र प्रारूप विकास योजनेत रहिवास विभागात दाखवण्यात आले आहे. सदर क्षेत्र कालव्याच्या लाभक्षेत्रात असून सोबतच्या सातबारा उताऱ्यांवरून व ई-पीक पाहणीच्या नोंदींवरून तेथे वर्षातून दोन पिके घेतली जात असल्याचे दिसून येते. योजनेच्या अहवालातील लोकसंख्येचा अंदाज व घनता विचारात घेता, रहिवासासाठी आवश्यक क्षेत्रापेक्षा अधिक क्षेत्र प्रस्तावित करण्यात आले आहे. सबब सदर गट रहिवास विभागातून वगळून शेती विभागात समाविष्ट करावेत. गावाच्या वाढीसाठी आवश्यक क्षेत्र गावठाणालगत सोबतच्या नकाशात दर्शवले आहे. मला समक्ष सुनावणी मिळावी, ही विनंती.’

शेवटची दोन वाक्ये गाळू नयेत. समक्ष सुनावणीची मागणी लेखी नसेल, तर पुढे तक्रारीला जागा राहत नाही. पर्यायी जागा दाखवणे तर त्याहून महत्त्वाचे आहे. गावातही घरे वाढतात, भाऊ वेगळे होतात, मुलांना घर बांधायचे असते. केवळ ‘इथे नको’ म्हणणारी हरकत नियोजनकाराच्या दृष्टीने अर्धवट असते. गावठाणालगतचा पट्टा, शहराच्या जुन्या हद्दीतले रिकामे भूखंड, आधीच पिवळ्या असलेल्या पण विकसित न झालेल्या जमिनी यांची यादी द्यावी. फक्त माळरानाला सोयीची मोकळी जागा समजून बळी देऊ नये. मेंढरांची चराई, पाण्याचे मुरणे आणि लांडग्यासारख्या प्राण्यांचा अधिवास त्याच माळावर असतो.

पुरावे जमवताना गेल्या काही वर्षांचे सातबारे व पीक नोंदी, जलसंपदा विभागाचा लाभक्षेत्राचा दाखला, मृदा आरोग्य पत्रिका, नदीकाठच्या जमिनीसाठी निळ्या व लाल पूररेषेचे नकाशे आणि पावसाळ्यातली, तारीख असलेली छायाचित्रे जोडावीत. दोन प्रती कराव्यात, एक दाखल करावी आणि दुसरीवर शिक्का व आवक क्रमांकासह पोच घ्यावी.

गावातली दुसरी बाजू

हे काम करताना सर्वांत अवघड चर्चा कार्यालयात नव्हे, तर गावात होते. जमीन पिवळी झाली की तिचा भाव कित्येक पटींनी वाढतो, आणि कर्जात अडकलेल्या किंवा वारस शेती करणार नसलेल्या शेतकऱ्याला तो भाव हवा असणे यात गैर काही नाही. त्याला गावद्रोही ठरवले की गाव फुटते आणि सुनावणीला दोन गट एकमेकांविरुद्ध उभे राहतात. याउलट ग्रामसभेत मोकळेपणाने विषय मांडावा आणि ज्यांना विकायचे आहे त्यांच्या जमिनी गावठाणालगतच्या पट्ट्यात येतात का, हे नकाशावर एकत्र पाहावे. ज्यांना शेती करायची आहे त्यांना शेजारच्या प्लॉटिंगमुळे काय सोसावे लागेल, म्हणजे पाट बंद होणे, ओढे बुजणे, फवारणीवरून तक्रारी, मजुरांची टंचाई, हे स्पष्ट सांगावे. वसईत सिडकोच्या आराखड्याविरुद्ध फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली, तिच्यामागे बागायतदार समाजाची एकजूट होती. तेवढी एकजूट आधी न बांधता केवळ कागद दाखल करून फार काही साधत नाही.

हिरवा रंग किती हिरवा

शेती विभागात राहिल्याने जमीन शेतीचीच राहील, असे नाही. राज्यातील बहुतेक भागाला लागू असलेल्या २०२० च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत शेती विभागातही अनेक वापरांना मुभा आहे. शेतघर, पेट्रोल पंप, मंगल कार्यालय ही त्यांतली नेहमी दिसणारी. शेतघरासाठी साधारण ०.४ हेक्टर म्हणजे एक एकर जमीन पुरते, त्यामुळे ४० हेक्टरांचा पट्टा शंभर फार्महाउसांत वाटला जाऊ शकतो आणि नकाशावर तो हिरवाच राहतो. अमेरिकेतील ओरेगन राज्याने १९७३ च्या कायद्याने प्रत्येक शहराला वाढीची सीमारेषा आखायला लावली आणि पुढे शेती विभागातील नव्या तुकड्याची किमान मर्यादा सर्वसाधारण शेतजमिनीसाठी ८० एकर ठेवली. आपल्याकडच्या छोट्या धारणांना तो आकडा लागू करता येणार नाही, पण तुकड्याचा आकार आणि अनुज्ञेय वापरांची यादी यांवरच विभागाचे खरे बळ ठरते, हे त्यावरून समजते. म्हणून नियमावलीतील दुरुस्त्यांच्या सूचना प्रसिद्ध होतात तेव्हा त्यांवरही हरकती द्याव्यात. तिथे जनतेकडून येणारी पत्रे फारच थोडी असतात.

सुनावणी आणि त्यानंतर

विकास योजनेच्या हरकतींवर कलम २८ खालची नियोजन समिती सुनावणी घेते. तिच्यात स्थायी समितीचे सदस्य आणि शासनाकडून नेमलेले तज्ज्ञ असतात. प्रत्येकाला जेमतेम काही मिनिटे मिळतात. भाषण न करता भाग नकाशावर बोट ठेवून गट दाखवावा, एक कागद पुढे करावा आणि मागणी एका वाक्यात सांगावी. बोललेले मुद्दे त्याच दिवशी लेखी स्वरूपातही दाखल करावेत.

समितीच्या अहवालानंतर योजना शासनाकडे जाते आणि कलम ३१ खाली मंजूर होते. शासनाने सारभूत स्वरूपाचे फेरबदल केले, तर तो भाग वगळून त्यावर नव्याने हरकती मागवल्या जातात. अशा वगळलेल्या भागाला कार्यालयीन बोलीत ‘ई.पी.’ (एक्सक्लुडेड पार्ट) म्हणतात. प्रारूपात हिरवी असलेली जमीन या टप्प्यावर पिवळी होऊ शकते, म्हणून मंजुरीची अधिसूचना आणि तिच्यासोबतचे परिशिष्ट गटनिहाय वाचावे.

मंजुरीनंतर खरी झीज सुरू होते. विकास योजनेत कलम ३७ आणि प्रादेशिक योजनेत कलम २० खाली एकेका जमीनमालकाच्या अर्जावर फेरबदल होतात. प्रत्येक वेळी दोन-पाच हेक्टर जातात, वर्तमानपत्रात छोटी सूचना येते आणि साधारण महिन्याभरात मुदत संपते. कलम ३७ चा फेरबदल योजनेचे मूळ स्वरूप बदलणारा नसावा, अशी अट कायद्यातच आहे. एकाच शिवारात एकामागून एक झालेले फेरबदल एकत्र मोजून दाखवले, तर ती अट मोडली जात असल्याचे मांडता येते. त्यासाठी ग्रामपंचायतीत एक वही ठेवावी आणि तिच्यात प्रत्येक सूचनेची तारीख, गट, क्षेत्र, मूळ विभाग, मागितलेला विभाग, दिलेल्या हरकतीचा आवक क्रमांक आणि निकाल लिहावा. सरपंच व सदस्य बदलतात, म्हणून ही वही आणि मंजूर योजनेची प्रत दप्तराच्या यादीत नोंदवून पदभार देता-घेताना ताब्यात द्यावी, आणि राजपत्र व दोन स्थानिक वर्तमानपत्रे दर आठवड्याला पाहण्याची जबाबदारी ठरावाने एका व्यक्तीकडे सोपवावी.